मिराबाईचं कोल्हापूर

"आधी देऊळ का आधी तळं?" प्रेमसिंगने विचारलं.

"आधी देऊळ. देवळाच्या पायरीवरून तळं दिसतंय."

"कोण म्हणलं?"

"मीच म्हणलं. मिना सात वर्साची असताना सांगितलंय तिला."

प्रेमसिंगने कपाळाला हात लावला. जवळा बाजारच्या अलीकडे जो बंजाऱ्यांचा तांडा आहे, त्यातल्या शेवटच्या घरासमोर नवरा-बायकोची ही उजळणी सकाळपासून चालली होती. लेकीकडे जाणाऱ्या आईने तिळाचे लाडू बांधावेत, घरची हळद बांधावी. ते सगळं बांधून झालं होतं. तरी मिराबाई पुन्हापुन्हा पिशवी सोडून बांधत होती. आज रात्री वसमतहून रेल्वेत बसून ती कोल्हापूरला जाणार होती आणि तिथे नर्स असलेल्या आपल्या लेकीला, मिनाला, कोल्हापूर दाखवणार होती. आणि कोल्हापूर तिने उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं.

तांड्यात हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक. सोळा हंगाम ही बाई ऊस तोडायला कोल्हापूरला गेली! यंदाच गुडघ्यांमुळे ती घरी राहिली होती. तांड्यातल्या बाकीच्या टोळ्या दुसरीकडे जायच्या. कोल्हापूरकडे जाणारी ही दोघंच, परगावच्या मुकादमाबरोबर. पण ऊसतोडीला जाणं म्हणजे गाव बघणं नव्हे. दिवाळी झाली की गाडीत बसायचं, उतरायचं ते उसाच्या बांधावर. मग खोपीतून फडात, फडातून खोपीत. शहर तिथून वीस-बावीस किलोमीटरवर असेल. तेवढं अंतर तिला सोळा वर्षांत कधी पार करता आलं नाही.

पहिल्या हंगामाहून ती चैत्रात परत आली, तेव्हा पाच वर्षांची मिना आजीच्या मागे लपली. शाळा बुडू नये म्हणून पोरीला सोबत न्यायचं नाही, हा हट्ट मिराबाईचाच. दोन दिवस पोरगी जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी लांबूनच तिने विचारलं, "तिकडं काय हाय?"

मिराबाईने सांगायला सुरुवात केली. तिकडं राजाचा वाडा आहे. मोठं देऊळ आहे. समुद्राएवढं तळं आहे. भर रस्त्यात म्हशी उभ्या करून दूध काढतात आणि जो येईल त्याला पेलाभर पाजतात. पोरगी एकेक पाऊल पुढे सरकत आली आणि वाड्याच्या गोष्टीला लांब उभी होती ती दुधाच्या गोष्टीपर्यंत मांडीवर येऊन बसली. मग दरवर्षी मिराबाईला काहीतरी नवं आणावं लागलं. हा माल तिने कुठून कुठून गोळा केला होता. थोडा ट्रॅक्टरवाल्याकडून, थोडा मुकादमाकडून आणि बराचसा ज्यांचा ऊस तोडायचा त्या मालकिणीच्या बोलण्यातून.

पण औषध जास्त झालं की बाधतं. मिना मोठी होत गेली तशी तिने या सगळ्यातून एकच गोष्ट धरून ठेवली. इतकं सुंदर गाव, आणि हे दोघं दरवर्षी आपल्याला टाकून तिथं जातात. दहाव्या वर्षी तिने विचारलं होतं, "मला काहून नेत न्हाईत?" शाळेचं कारण सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग तुमी काहून जाता?"

पुढे ती नांदेडला नर्सिंग शिकली. तोड म्हणजे काय हे तिला कळलं होतं, आईच्या गुडघ्यांसाठी गोळ्याही तीच पाठवायची. पण लहानपणी मनात बसलेली गोष्ट शिकलेला माणूसही उकरून तपासत नाही. सात महिन्यांपूर्वी तिला नोकरी लागली ती नेमकी कोल्हापुरात. फोनवर ती म्हणाली, "तुमचंच गाव हाय ते." मिराबाईला काटा रुतावा तसं झालं. आणि आता हे बोलावणं. "मी काई बी बघितलं न्हाई अजून. तू दाखवशील तवाच बघीन."

"सांगून टाक की खरं," प्रेमसिंग म्हणाला.

"काय सांगू? लहानपणीचं समदं खोटं व्हतं म्हणू? मग ती माझं कोणतं बोलणं खरं धरंल?"

प्रेमसिंग बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग त्याने एक शहाणपणाचा सल्ला दिला. "मग ध्यानात ठेव. तिथं तोंड उघडं टाकू नको. पहिल्यांदा बघणाऱ्याचं तोंड उघडं पडतंय. तिथंच गावतो माणूस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिना स्टेशनवर उभी होती. बुधवार, तिच्या सुट्टीचा दिवस; नवा ड्रेस, केस मोकळे. पाया पडली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल याडी. दाखव तुझं कोल्हापूर." आईला ती त्यांच्या बोलीत याडीच म्हणायची.

रिक्षातून जाताना मिराबाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते. एवढी दुकानं, एवढे भगवे फेटे, चौकात घोड्यावर बसून तलवार उपसलेल्या राणीचा पुतळा. ती हे सगळं नेहमीचंच असल्यासारखं बघत होती आणि मान दुखेपर्यंत सरळ बसली होती.

देवळाच्या आवारात मात्र तिचं काही चाललं नाही.

तिने सांगितलेलं देऊळ म्हणजे तांड्यातल्या मारुतीच्या देवळाच्या दहापट मोठं आणि वर झेंडा, एवढंच होतं. इथे काळाभोर दगड उभा होता आणि त्या दगडात बाया होत्या. नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिराबाई चालता चालता थांबली. एका बाईच्या दंडापर्यंत कडी होती, तिच्या सासूच्या हातात असायची तशी. तिने मान वाकडी करून बघितलं. त्या बाईच्या पायातल्या पैंजणाचं घुंगरूसुद्धा कोरलेलं होतं.

"मिना," ती हळूच म्हणाली, "हे माणसानं केलंय?"

"मग कोण करंल?"

मिराबाईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. या हातांनी सोळा वर्षं काम केलं होतं आणि जे केलं ते त्याच दिवशी गाडीत भरून निघून गेलं होतं. कुणाच्या तरी हातांनी केलेलं हे इतकी शतकं उभं होतं. तिला हेवा वाटला नाही. आपणही हातांनीच काम करणाऱ्या जातकुळीतल्या आहोत, याचं तिला पहिल्यांदाच भारी वाटलं. तिने देवळाला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि देवीचं दर्शन घ्यायची तिला आठवण करून द्यावी लागली. तोंड उघडंच होतं.

बाहेर आल्यावर मिनाने विचारलं, "तळं कुठून दिसतंय? पायरीवरून दिसतंय म्हणायचीस."

"आता मधी बिल्डिंगा झाल्या ना," मिराबाई म्हणाली. थाप तशी बरी बसली. पण मिना तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

भूक लागली होती. मिनाने हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींनी सांगितलेली खानावळ शोधून काढली. ताटं आली. भाकरी, सुकं मटण आणि दोन वाट्या, एकीत लाल रस्सा, एकीत पांढरा. मिराबाईला एकदम धीर आला. हे तिला पक्कं ठाऊक होतं. दर रविवारी मालकिणीकडे पाहुणे यायचे आणि झाकलेली दोन पातेली तिच्या डोळ्यांसमोरून आत जायची. तांबडा आणि पांढरा, मालकीण म्हणायची.

"तांबडा तिखट असतोय," तिने लेकीला समजावलं. "तू आधी पांढरा पी. गोड असतोय, खिरीवाणी. लेकरासाठीच करतेत."

मिनाने वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. मग आईनेही एक घोट घेतला. खारट होता. मटणाचा होता, मिऱ्याचा होता, नारळाच्या दुधाचा होता, आणि इतका चांगला होता की क्षणभर ती सगळं विसरून डोळे मिटून बसली. असलं काही जगात असतं आणि ते रोज कुणीतरी जेवतं, याचंच तिला नवल वाटत होतं. तिने डोळे उघडले तेव्हा मिना तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मी चौथीत निबंधात लिव्हलं व्हतं," मिना म्हणाली. "कोल्हापूरचा पांढरा रस्सा गोड असतो. दर साली मी म्हणायचे, डबा भरून आण. तू म्हणायचीस वाटंत नासतो."

मिराबाईने वाटी खाली ठेवली.

"याडी, तू हे कधी खाल्लं न्हाई."

"न्हाई."

"आन् देऊळ?"

"न्हाई बघितलं. तळं बी न्हाई. सोळा वर्सांत येक दिवस बी मी या गावात आले न्हाई, मिना."

वाढणारा आला आणि रस्सा हवा का विचारून गेला. मिनाचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला.

"मग काहून सांगायचीस? मला वाटायचं तुमी मला टाकून मजा करून राहिले. रडायचे मी. आजी गवाह हाय... आजी असती तर तिनं सांगितलं असतं."

मिराबाईने पदराने तोंड पुसलं. इतकी वर्षं हे उत्तर तिच्यापाशी तयार होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

"तू पाच वर्साची व्हतीस. मला विचारलंस, तिकडं काय हाय. तिकडं चिखल व्हता. पाचटानं हात फाटायचे. पहाटं उठायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. दुसरं काई बी नव्हतं. आता तुला कसं सांगू, की तुला सोडून मी जिथं गेले तिथं काईच न्हाई म्हणून? लेकराला टाकून जायचं, आन् ते बी काईच नसलेल्या जागी?" ती थांबली. "काई तरी असावं वाटलं तिकडं. तुझ्यासाठी न्हाई, मलाच वाटलं."

मिना भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत. मग तिने स्वतःच्या वाटीतला पांढरा रस्सा आईच्या वाटीत ओतला.

"खा," ती म्हणाली. "गार होऊन राहिला."

जेवून त्या चालत निघाल्या. आता मिराबाईला ओठ मिटायचं कारण उरलं नव्हतं. ती प्रत्येक दुकानापुढे थांबत होती. चपलांच्या दुकानात तिने एक चप्पल नाकाला लावून चामड्याचा वास घेतला. गळ्यातला साज विकणाऱ्या दुकानातले सगळे मणी बघितले. तालमीच्या दारातून आत डोकावली, तर तांबड्या मातीत दोन गडी एकमेकांना भिडले होते. "काय लेकरं पोसली हायती आयांनी," ती म्हणाली आणि मिना हसली.

संध्याकाळी गंगावेशीच्या चौकात आल्यावर मिराबाई जागच्या जागी उभी राहिली. भर रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या होत्या. लोक गाड्या लावून थांबले होते. एक माणूस उकिडवा बसून धार काढत होता आणि फेसाने भरलेले पेले हातोहात जात होते.

"मिना, हे खरं हाय." तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. "मला वाटलं ट्रॅक्टरवाला माझी चेष्टा करून राहिला. मी तुला सांगितलं खरं, पण मलाच पटलं नव्हतं कधी."

म्हशीवाल्याने दोन पेले पुढे केले. "पयल्यांदाच आलाय जणू मावशी?"

मिराबाईने लेकीकडे पाहिलं.

"व्हय," मिना म्हणाली. "दोघी बी."

दूध कोमट होतं, अंगाच्या उबेचं. दोघींनी पेला एका दमात संपवला. मिनाच्या ओठांवर फेसाची मिशी उमटली होती. मिराबाईने ती पदराने पुसली. पाच वर्षांच्या पोरीची पुसावी तशी, सगळ्यांसमोर. मिनाने पुसू दिली.

रंकाळ्यावर, गोष्टीतल्या त्या तळ्यावर, त्या पोचल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. समुद्राएवढं नव्हतं ते. पण पाण्यातून वर आलेल्या दगडी कमानी, पलीकडची झाडं आणि सगळ्यावर पसरलेला तो केशरी उजेड बघून मिराबाई कठड्याला धरून उभी राहिली. तोंड पुन्हा उघडं पडलं होतं. सोळा वर्षं तिने जे खोटं सांगितलं होतं ते खऱ्याहून कितीतरी लहान होतं. हे तिला आज कळत होतं आणि त्याचं तिला विलक्षण सुख वाटत होतं.

मागे रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर अडकला होता. मोळ्यांवर एक बाई बसली होती, डोक्याला फडकं बांधलेली, मांडीवर झोपेला आलेलं पोरगं. ती त्या पोराला रागावली ते मिराबाईच्याच बोलीत. मिराबाई वळली आणि सरळ ट्रॉलीपाशी जाऊन उभी राहिली.

"कोणता तांडा गं?" तिने आपल्या बोलीत वर बघून विचारलं.

बाई दचकली. मग तिने सेनगावकडच्या एका तांड्याचं नाव सांगितलं. "तुमी बी तोडीला आल्या का?"

मिराबाईने मागे पाहिलं. कठड्यापाशी मिना उभी होती, हातात लाडवांची पिशवी सांभाळत.

"न्हाई," ती म्हणाली. "लेक असते माझी या गावात. पावणी आले मी."

पुढची गाडी हलली. ट्रॅक्टरने धूर सोडला.

"ते बघ," मिराबाईने हात लांब करून दाखवलं. "रंकाळा म्हणतेत त्याला. लेकराला उठव आन् दाखव. पटकन बघून घे."

बाईने पोराला उभं केलं आणि त्याचं तोंड पाण्याकडे वळवलं. ट्रॅक्टर चालू लागला. उसावर बसलेली ती दोघं मान मागे वळवून तळ्याकडे बघत पुढे गेली, आणि मिराबाई ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत तसाच हात लांब करून रस्त्यात उभी राहिली.