सईदाबाईचा कोपरा

मी गोधडी बोलतेय. आवाज थोडा दबलेला येईल, कारण सध्या माझ्यावर दोन उशा आहेत आणि उमेरा नावाची एक पोरगी लोळते आहे. ती दुसरीत आहे. तिच्या जन्माआधीपासून मी तिच्यासाठी तयार होत होते, म्हणून वयानं मीच मोठी.

माझा जन्म गोंडपिपरीचा. धान घरात आलं की आशाबाईच्या अंगणात ऊन खात चौघी गोधड्या शिवायला बसायच्या. आशाबाई, तिची सून उर्वशी, शेजारची स्वाती आणि गल्लीच्या टोकाची सईदाबाई. सईदाबाईचा नवरा वहाब शिंपी, त्यामुळे चिंध्यांना तोटा नव्हता. माझ्या पोटात आशाबाईची दोन जुनी लुगडी आहेत. वर कुणाच्या गणवेशाचं निळं, तर कुणाच्या निकाहातलं हिरवं. सईदाबाईची लेक फरहा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तिच्यासाठी हा सगळा थाट.

रीत अशी, की एकेकीनं एकेक कोपरा धरायचा आणि टाके घालत मधे यायचं. तोंडं सुईपेक्षा जोरात चालायची. कुणाच्या सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं, कुणाची म्हैस आटली, सगळं माझ्या अंगावर शिवलं गेलं. खरं सांगते, त्या दिवसांची मला फार आठवण येते.

सईदाबाईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. तिचे टाके लांबलांब पडायचे, ओळ सोडून भटकायचे. कुणी बोललं नाही. पण एका संध्याकाळी ती घरी गेल्यावर उर्वशीनं तिचा कोपरा उसवला आणि बारीक टाक्यांनी नीटनेटका करून टाकला. मनात खोट नव्हती. पहिलटकरणीची गोधडी देखणी व्हावी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सईदाबाईनं कोपऱ्यावर तळवा फिरवला आणि तिला कळलं. डोळे अधू झाले म्हणून बोटं थोडीच आंधळी होतात. घरी पाहुणे यायचे आहेत म्हणून ती उठली आणि पुन्हा आलीच नाही. उर्वशीचं तोंड एवढंसं झालं. फरहा यायची वेळ जवळ आली, तरी मी अर्धवटच. आशाबाई तिघींनी मला पुरं करायला तयार होईना.

शेवटी आशाबाईनं उर्वशीलाच तो कोपरा परत उसवायला लावला, मला काखोटीला मारलं आणि सासू-सुना सईदाबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. उर्वशीनं माफी मागितली. पण सईदाबाई तिच्यावर रागावलेली नव्हतीच.

"पोरीनं बरोबरच केलं," ती म्हणाली. "माह्या असल्या टाक्यात लेकराचं बोट अडकन, आशाबाई."

"अडकू दे ना," आशाबाई म्हणाली. "सोडवाले तू हायेस नं."

सईदाबाईनं मला मांडीवर ओढलं. मग तिनं सुई उर्वशीपुढे धरली आणि दोरा ओवून मागितला.

बोट अडकायचंच. सुटीत फरहा माहेरी आली की उमेरा पाय झाडायची, बोंब ठोकायची, आणि नानी हातातलं काम टाकून धावत यायची. गेल्या रमजानच्या आधी नानी गेली. आता बोट अडकलं की उमेरा स्वतःच सोडवते.

मीही आता विरले आहे. आमच्याकडे जुनी गोधडी टाकत नाहीत, नवीच्या पोटात घालतात. त्यासाठी काल फरहानं मला आशाबाईच्या अंगणात नेलं. आईच्या जागी ती बसली. माझे सुटे धागे कापत कापत उर्वशी त्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिनं कात्री खाली ठेवली.

"इथी मी हात नाई लावत," ती फरहाला म्हणाली. "हे असंच आत जाऊ दे."

उद्या माझ्यावर नवं कापड चढेल आणि मी कुणाला दिसणार नाही. त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे, शिवताना चारही कोपऱ्यांना चौघी बसा. टाके कसेही पडोत.