दोन पाड्यांची तोफ

गोजराने ठरवलं होतं, लग्न करीन तर जानूशीच. अडचण एकच होती. ती वरच्या पाड्याची आणि जानू खालच्या. जासईच्या बाजूला खाडीकाठी असलेल्या या दोन पाड्यांत आजोबांच्या काळापासून सोयरीक बंद होती आणि कारण होतं एक तोफ. सिडकोची माणसं जमिनी मोजायला आली तेव्हासुद्धा दोन्हीकडचे म्हातारे एका सतरंजीवर बसले नाहीत, आता बोला.

तोफ म्हणे ओहोटीला चिखलात सापडली होती. वरचे म्हणत, खरी तोफ आमच्याकडे, खालच्यांनी कुठलंसं उखळ आणून शेंदूर फासलाय. खालचे म्हणत, खरी आमची, वरच्यांकडे आहे ती पाण्याची नळी. दर दसऱ्याला दोन्हीकडे खोबरेल चोळून पूजा व्हायची आणि पूजा आटोपली की एकमेकांचा उद्धार.

गोजरा वाशीच्या कॉलेजात इतिहास शिकत होती. एरवी तासाला तिला डुलकी लागायची, पण बाई एकोणिसाव्या शतकातल्या तोफांबद्दल सांगू लागल्या तशी ती ताठ बसली. जुन्या तोफा आतून गुळगुळीत, त्यामुळे गोळा खडखडत सुटायचा आणि वाटेल तिकडे भरकटायचा. मग नळीच्या आत पिळदार खाचा पाडू लागले. गोळा भोवऱ्यासारखा फिरत सरळ आणि लांब जाऊ लागला. त्यासाठी नळी लांब हवी, आणि तेवढं धूड डोंगरात वाहून न्यायला खेचराला झेपेना. तेव्हा इंग्रजांनी तोफच दोन तुकड्यांत केली. वर नेऊन आट्यांचं कडं फिरवायचं की झाली एक.

धन्य आहेत आमची माणसं, असं मनाशी म्हणत गोजरा घरी आली. तांदळाची उकड मळून तिने आपल्या नळीच्या मागच्या तोंडात दाबली. खालच्या पाड्याच्या उखळात तसाच गोळा दाबायचं काम जानूकडे सोपवलं. उकडीच्या दोन्ही गोळ्यांवर त्याच तिरक्या खाचा उठल्या.

"पीठ कशाला नासलंस?" तिचा बाप गोवर्धन म्हणाला. वरच्या पाड्यात त्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं.

"बाबा, आपली तोफ अर्दी हाय. त्यांची पन अर्दीच. जोडून बगा. जुळली तर मी जानूच्या घरी जाईन. नाय जुळली तर तुमी सांगाल त्या घरी जाईन."

पैज बापाला आवडली. जानूची आजी येसूबाई खालच्या पाड्याची कारभारीण. वरच्यांची फजिती फुकटात बघायला मिळणार म्हणून तीही तयार झाली. कोणी कोणाच्या हद्दीत पाय ठेवेना, म्हणून दोन्ही तुकडे मधल्या बांधावर आले.

तोंडाला तोंड भिडवलं. कडं काही फिरेना. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. गोजरा मुलखाची धीट, पण आता जानू हातचा जायची वेळ आली होती. तरी ती मागे हटली नाही. तिने नळी जरा मागे घ्यायला लावली, फटीत बोट घालून चाचपलं आणि जानूला म्हणाली, "खाचा जुळल्या नाय. उजवीकडं फिरव. अजून. बस."

नळी खट्टकन आत बसली. गोवर्धनने स्वतः कड्याला हात घातला आणि ते फिरलं.

दोन पिढ्या आपण अर्ध्याला पुरं समजून भांडलो, हे कबूल करायला जरा वेळ लागतोच. मग येसूबाईने कमरेवर हात ठेवले.

"जुळली ती बरं झालं. पन आता ही ऱ्हायची कुटं?"

झालं. दोन्हीकडच्या बाह्या वर सरकल्या. गोवर्धन मात्र तोफेवर हात ठेवून उभा राहिला. जानूशेजारी उभ्या लेकीकडे त्याने पाहिलं.

"तुमच्याकडंच न्या, येसूबाय," तो म्हणाला. "पन दर गवरीला माहेरी धाडायची. दोगींना पन."