दोन पूर्णांक सत्तावन्न शतांश

मी एक जुना, बारा आकड्यांचा कॅल्क्युलेटर आहे. सध्या माझा मुक्काम ड्युसेलडॉर्फमधल्या एका खणात, स्टेपलर आणि सुकलेल्या पेनांच्या शेजारी असतो. शेजारी भले आहेत, पण बोलायला कुणी नाही. म्हणून मित्रांनो, आज तुम्हाला धरलं आहे.

माझी उमेदीची वर्षं कऱ्हाडला गेली. वासुदेव सर तिथे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. चाचण्यांच्या गुणांची सरासरी काढणं हे माझं काम. सरासरी अकरा पूर्णांक सहा आली की सर बिनदिक्कत बारा लिहायचे. "पाच किंवा त्यापुढे असलं की वरचा आकडा धरायचा," हा त्यांचा नियम. त्यात मुलांचं भलंच व्हायचं. सरांनी आपल्या लेकीला, मुक्तालाही, तेच शिकवलं. मला वाटायचं, जगभर असंच असणार. मी तरी कऱ्हाडबाहेर कुठे गेलो होतो?

२००५ साली मुक्ता शिकायला ब्राउनश्वाइगला निघाली आणि सरांनी मला तिच्या बॅगेत घातलं. तिथे सगळंच उलटं! एक हा सर्वांत चांगला गुण आणि चार म्हणजे कसाबसा पास. शिवाय सगळे विषय सारख्या वजनाचे नाहीत. प्रत्येक विषयाचे क्रेडिट ठरलेले. गुणाला क्रेडिटने गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. मुक्ता दर सहामाहीला हे गणित माझ्यावर करायची. वसतिगृहातल्या त्या खोलीत रविवारी तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नसे. ती आकडे मोठ्याने म्हणायची आणि मला ते फार आवडायचं.

दोन वर्षांनी प्रबंधाचा गुण हातात आला. तिच्या प्राध्यापकांच्या संस्थेत पीएचडीची एक जागा निघाली होती. तिला ती जागा जिवापाड हवी होती. अट एकच: अंतिम श्रेणी 'गूट' (जर्मन भाषेत 'चांगली'), म्हणजे अडीच किंवा त्याहून कमी. तिने अर्ज लिहून पाकिटात घातला आणि मला पुढ्यात ओढलं. बेरीज तीनशे आठ पूर्णांक चार, क्रेडिट एकशे वीस. मी इमानदारीने दाखवलं: २.५७.

मुक्ताने कागदावर २.६ लिहिलं. सात पाचाच्या पुढे, म्हणून वरचा आकडा. कऱ्हाडचा नियम! तिने कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाबा, दोन पॉइंट सहा आलं."

"अरे वा! अडीचच्या वर गेलीस की!"

"इथे वर म्हणजे वाईट, बाबा."

ते पाकीट तिने पोस्टात टाकलंच नाही. "नसलेल्या पात्रतेचा अर्ज कशाला करायचा," असं ती पुटपुटली. मुदत निघून गेली. पाकीट टेबलावर माझ्या शेजारीच पडून होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

महिन्याभराने प्रमाणपत्र आलं. त्यावर छापलं होतं: २.५, गूट. मुक्ता तशीच परीक्षा कचेरीत धावली. परत आली तेव्हा शेजारच्या खोलीतला निहार तिच्यासोबत होता.

"अगं, इथे राउंड करतच नाहीत," तो म्हणाला. "दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडा ठेवतात, पुढचे सरळ कापतात. पहिल्या दिवशी दिलेल्या नियमावलीत होतं ना! एकदा विचारायचंस तरी."

"कुणाला विचारणार होते?" मुक्ता म्हणाली. दोन वर्षं भिंतीपलीकडे राहूनही निहारने तिला कधी चहाला बोलावलं नव्हतं.

जागा भरली गेली होती. दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात ते असं. मुक्ताला ड्युसेलडॉर्फला नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा कऱ्हाडला फोन केला. सरांनी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "हो बाबा, अर्ज दिला होता. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. नाही हो, तुमच्या नियमाचं काय त्यात?" फोन ठेवल्यावर ती माझ्याशेजारी डोकं टेकून रडली. नंतर तिने मला कधी हातात घेतलं नाही.

मित्रांनो, माझा तिच्यावर राग नाही. मी खरा आकडा दाखवला, पण तो तिथे कसा वाचतात हे मला ठाऊक नव्हतं आणि असतं तरी सांगता आलं नसतं. तुम्ही मात्र परक्या गावात एकटे असाल, तर स्वतःला नापास ठरवण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटंच मोठ्याने आकडे म्हणताना ऐकू आलं, तर उठा आणि त्याचं दार वाजवा.