पाइनच्या फळ्यांवर खिळे

ख्रिसमसच्या आधी बोरहिल स्वतःच्याच दाराबाहेरच्या दगडी पायरीवर घसरली आणि मनगट मोडून बसली. पुढे प्लास्टर निघालं, हात हलू लागला, पण ती काही घराबाहेर पडली नाही.

दूर उत्तरेतल्या ट्रोम्सोचा हिवाळा म्हणजे नुसता बर्फ असता, तर तिची तक्रार नव्हती. भुसभुशीत बर्फात पाय रुततो, घसरत नाही. वैताग असतो तो पावसाचा. जानेवारीत मध्येच हवा ऊबदार होते, साचलेल्या बर्फावर पाऊस पडतो, तो गोठतो आणि टेकडीवरचा अख्खा रस्ता काचेचा होऊन बसतो. नगरपालिकेची गाडी खडी टाकून जाते. पुन्हा पाऊस पडला की ती खडी काचेच्या आत अडकलेली दिसते, बरणीतल्या माशांसारखी.

बोरहिलही तशीच काचेआड बसून होती. खिडकीतून शेजारणीचं छप्पर दिसायचं, दिव्याचा एक खांब दिसायचा, आणि दुपारी थोडा वेळ निळसर उजेड. सूर्य तर नोव्हेंबरपासून कुणालाच दिसला नव्हता. दूध, पाव, मासे शेजारीण आणून द्यायची. बोरहिल चुलीपासून खिडकीपर्यंत जायची आणि खिडकीपासून चुलीपर्यंत यायची.

तिची मुलगी सिन्नोवे दूर बोडोला राहायची. आधी ती फोनवर एवढंच म्हणायची, "आई, एप्रिलपर्यंत पायरीवर पाय ठेवायचा नाही." मग एक दिवस म्हणाली, "माझ्याच इमारतीत तळमजल्यावर एक घर रिकामं होतंय. गुरुवारी येते आणि तुला घेऊनच जाते. दर हिवाळ्याला असं कोंडून घेणार आहेस का?"

बोरहिलला चाळीस वर्षांचं घर सोडायचं नव्हतं, आणि कोंडून घेतलं होतं हेही खरंच होतं.

तो गुरुवार नेमका सूर्य परत येण्याचा दिवस होता. सकाळीच शेजारीण टोरदिस पिशवी घेऊन आत शिरली.

"काय गं कैदी, जिवंत आहेस ना? ऊठ. वळणावर जायचंय. शाळेची सगळी पोरं आज तिथे सूर्याला बघून ओरडायला जमणार."

"मी कशी येऊ?"

"पायांनी. हे बघ काय आणलंय."

टोरदिसने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना बाहेरून चढवायच्या रबरी पट्ट्यांचे तीन जोड त्यावर मांडले.

"हा स्प्रिंगांचा. दाबून बसलेल्या बर्फावर झकास. आपल्या काचेवर मात्र गाणं म्हणत खाली नेतो. हा नुसता टाचेचा. उतरताना टाच आधी टेकते, तेव्हा ठीक. चढताना सगळा जोर चवड्यावर येतो, आणि तिथे काय? काही नाही. आणि हा पुऱ्या तळव्याचा. पुढे खिळे, मागे खिळे. हाच घे."

"तो माझ्याकडे आहे," बोरहिल म्हणाली. "नगरपालिकेने सगळ्या म्हाताऱ्यांना वाटला की."

टोरदिसने चष्मा कपाळावर सरकवला. "आहे? मग पडलीस कशी?"

"घालताना."

"घालून दाखव बघू."

बोरहिल मोज्यांतच दाराशी गेली. पायपुसण्यावर बूट घातले. दार उघडलं. रबराचा पट्टा हातात घेतला, भिंत धरली, एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा उचलायला वाकली. टोरदिसने मागून तिची कॉलर धरून तिला आत ओढलं आणि दार लावलं.

"अगं बाई! पाण्यात पडल्यावर होडी शोधायला निघालीस का? काचेवर एका पायावर उभं राहून खिळे घालतात?"

"मग काय घरात घालू? एडविनच्या फळ्यांवर?"

दोघींनी खाली पाहिलं. पाइनच्या त्या फळ्या बोरहिलच्या नवऱ्याने, एडविनने, स्वतः बसवल्या होत्या. दर शनिवारी तो गुडघ्यांवर बसून हिरव्या साबणाने त्या घासायचा. तो गेल्यावर बोरहिल घासायची. त्या गावात घरात बूट घालून कुणी चालत नाही. खिळे घालून चालणं म्हणजे तर जेवणाच्या टेबलावर चढण्यासारखं.

"सतरंजी टाक."

"सिन्नोवेने सगळ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. म्हणाली, अडखळशील."

"दाराशी खुर्ची?"

"दार आतच उघडतं. मावत नाही."

"उभ्याने घाल."

"थंड रबर दोन्ही हातांनी ओढावं लागतं. आणि हा हात अजून अर्धाच आहे."

टोरदिस मग पिशवी आवरू लागली. "मग राहा इथेच. फळ्या मस्त चकाकतायत. बोडोला जाताना उपटून घेऊन जा सोबत."

बोरहिल लाल झाली. खिळ्यांचा जोड तिने चुलीजवळ धरला, रबर मऊ होईपर्यंत. मग भिंतीजवळची खुर्ची चुलीशी ओढून तिच्यावर बसली आणि पुढून घालून मागे ओढत एकेका बुटावर पट्टा चढवला.

उभी राहिली.

टक.

पुढचं पाऊल टाकायला तिला वेळ लागला. टोरदिसही हसली नाही. टक, टक, टक करत बोरहिल दारापर्यंत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर पायरीवर खिळे रुतले. कर्र. तिने सगळं वजन टाकून पाहिलं. बर्फाने धरून ठेवलं.

"छोटी पावलं," टोरदिस म्हणाली. "पाय सपाट टेकव. बदकासारखी चाल. लाजू नकोस, इथे सगळीच बदकं आहेत."

वळणावर पोरं नाचत होती. डोंगराच्या खाचेत सोनेरी कड उगवली, पोरं घसा फाटेस्तोवर ओरडली, आणि सूर्य लगेच बुडाला. शिक्षिकेने जॅम भरलेले, साखर भुरभुरलेले पाव वाटले. बोरहिलने तोंडाला साखर लागेपर्यंत खाल्ला.

परतताना टोरदिसने कोपराने ढोसलं. "ती खाली कोण?"

बसथांब्याच्या वर, चढाच्या मध्यावर, एक बाई दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी होती. पायांत शहरी बूट. तिची बॅग घसरत खाली थांब्यापर्यंत गेली होती.

"आई! तू कशाला बाहेर आलीस? तिथेच थांब!"

"तूच थांब," बोरहिल म्हणाली. "तुला दुसरं काय करता येणारे?"

टाच आधी टेकवत ती सावकाश खाली उतरली. सिन्नोवेने आईचा चांगला हात पकडला. कडेच्या खरखरीत बर्फावरून दोघी वर आल्या. बॅग आणायला टोरदिस गेली.

घरात शिरताच सिन्नोवे थबकली. चुलीपासून दारापर्यंत फळ्यांवर बारीक भोकांच्या जोड्या उमटल्या होत्या.

"आई. बाबांच्या फळ्या..."

"हो." बोरहिल तशीच, खिळ्यांनी, टक टक करत खुर्चीपर्यंत गेली आणि पाय पुढे केला. "ओढ. माझ्याने निघत नाही."

सिन्नोवे गुडघ्यांवर बसली. एका पायाचे खिळे निघाले, मग दुसऱ्याचे, मग बूटही. तिने भोकांवरून बोट फिरवलं.

"ही घासून जाणार नाहीत."

"नाहीत."

"बोडोच्या घरमालकाला संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग कळव. मी येत नाही म्हणून सांग."

सिन्नोवेने खिडकीबाहेर पाहिलं. काचेवर पाऊस वाजू लागला होता. उद्या रस्ता पुन्हा तसाच होणार होता. "आणि पुन्हा पडलीस तर?"

"पडेन तेव्हा पडेन," बोरहिल म्हणाली. तिने तळव्याखालचं एक भोक मोज्यातूनच चाचपलं.

चहा झाल्यावर सिन्नोवेने सवयीने ती खुर्ची भिंतीला लावायला उचलली.

"राहू दे," बोरहिल म्हणाली. "आता ती चुलीपाशीच राहील."