माझ्यातले एकोणीस लाजाळू मासे

मी तीन फूट लांबीची, काचेची जुनी टाकी आहे. मित्रांनो, ही लांबी लक्षात ठेवा. मी ज्या घरात राहते, तिथे ती कोणीच लक्षात ठेवली नाही.

माझी पहिली नऊ वर्षं दातांच्या दवाखान्यात सुखात गेली. माझ्यात सहा सोनेरी मासे फिरत. दाढ काढलेले लोक माझं कौतुक करत. गाल सुजल्यामुळे शब्द कळत नसत, पण भावना पोचत असे. मग डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांनी मला आपल्या धाकट्या भावाला देऊन टाकलं. हा भाऊ म्हणजे शिंपीदादा. दारात उभ्या माणसाचं माप ते नुसत्या नजरेने घेतात.

माझ्यासाठी त्यांनी बोटाएवढा लांडगा मासा आणला. दुकानदाराने सांगितलं होतं, "हा हातभर होतो, दुसरे मासे खातो आणि उडी मारतो." शिंपीदादांना वाटलं, दुकानदार मालाची तारीफ करतोय. त्यांनी माशाचं नाव ठेवलं बाळ्या.

लांडगा मासा दिवसभर दबा धरून गप्प बसतो. तो त्याचा स्वभाव आहे. शिंपीदादा मात्र बायकोजवळ, म्हणजे आमच्या वहिनींजवळ, हळहळले. "एकटा पडलाय गं बिचारा!" आणि त्यांनी चार छोटे मासे सोडले.

सकाळी एकही दिसेना.

"लपलेत," शिंपीदादा म्हणाले. "नवीन घर आहे, लाजतात."

"बाळ्याचं पोट बघा जरा," वहिनी म्हणाल्या.

"खुशीने फुगलंय."

मित्रांनो, मी काच आहे. माझ्या आत काय झालं हे मला कसं दिसणार नाही? पण मला कोण विचारतो! लाजऱ्या माशांना लपायला बरं पडावं म्हणून त्यांनी मातीच्या गुहा आणल्या. मग आणखी पाच मासे, आणखी गुहा. असे एकूण एकोणीस मासे आले आणि सात गुहा झाल्या. बाळ्या वाढत होता आणि माझ्यातली जागा घटत होती. शेवटी त्याला वळायचं झालं, तरी नाक एका काचेला आणि शेपटी दुसऱ्या काचेला घासायची. नाकाची साल निघाली. मी तरी काय करणार? मला फुगता येत नाही.

माझं झाकण हलकं होतं, म्हणून त्यावर इस्त्री ठेवलेली असायची. एका दुपारी गिऱ्हाइकाची पँट घाईची निघाली. शिंपीदादांनी इस्त्री उचलली आणि बाळ्याने झाकणासकट उडी मारली. तो थेट कापडांच्या ढिगावर पडला. कल्ले फडफडत होते, तोंड उघडंच राहिलं होतं. शिंपीदादा जागीच थिजले. वहिनींनी ओला पंचा टाकला, दात चुकवत त्याला गुंडाळलं आणि पाण्याच्या टबात सोडलं. मग शिंपीदादांच्या गळ्यातली टेप ओढून त्याला माप लावलं.

"सोळा इंच! अहो, पोरीच्या फ्रॉकलासुद्धा वाढत्या अंगासाठी तीन बोटं कापड जास्त सोडता. याच्या बाबतीत अक्कल कुठे गेली होती?"

शिंपीदादा बराच वेळ टबाजवळ बसून राहिले. बाळ्याचा कल्ला हलला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. त्याच आठवड्यात बाळ्या सहा फुटांच्या टाकीत गेला. तिचं झाकण कड्यांनी बंद होतं. आता तो तिथे एकटाच असतो, आणि मजेत असतो.

म्हणून, मित्रांनो, मासा आणण्याआधी तो उद्या केवढा होईल ते विचारा. दुकानदार सांगेल ते ऐका. झाकण घट्ट लावा.

शिंपीदादांना आता हे सगळं पटलंय. फारच पटलंय. ते माझ्यात रोज न चुकता खाऊ टाकतात आणि रिकाम्या गुहांसमोर वाट बघतात. काल ते आणखी बारा गुहा घेऊन आले.

"एकोणीस जण आणि गुहा सातच," ते वहिनींना म्हणाले. "दाटी होत असेल गं त्यांची."