हुमणीतलं विरजण

मला राग लवकर येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या माणसावर निघतो. त्या शनिवारी तो तानुमावशीवर निघाला.

ताडकळसला दोन खोल्यांत मी सूत्रकृमी वाढवते. डोळ्यांना न दिसणारे हे किडे मातीतल्या हुमणीच्या अळीत शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्यात सोडतात. दोन-तीन दिवसांत अळी मरते, विटेसारखी लाल होते आणि अंधारात मंद उजळते. एकटादुकटा जिवाणू उजेड पाडत नाही. अळीत त्यांची गर्दी दाटली की मगच.

आषाढात मावशीनं आपल्या एकरभर हळदीत माझे सूत्रकृमी सोडले आणि हुमणी हटली. भाद्रपदात मात्र कोपऱ्यातल्या बारा सऱ्यांत पानं पुन्हा पिवळी पडली. मावशीचे यजमान लिंबाजीमामा सरळ कीड मारायच्या विषारी औषधाचा डबा घेऊन आले. गेल्या वर्षी हेच औषध मारताना ते शेताच्या धुऱ्यावर कोसळले होते आणि आठ दिवस दवाखान्यात होते. तेव्हापासून मावशीनं डबा घरात येऊ दिला नव्हता.

"सोमवारपोतर थांबतो," मामा म्हणाले. "मंग मी हाय आन् डबा हाय."

आणि नेमक्या तेव्हाच जिवाणू वाढवायच्या माझ्या बाटल्यांनी दगा दिला. अंधाऱ्या कपाटात एकही उजळेना, त्यातल्या जिवाणूंवर सूत्रकृमीही धड वाढेनात. शनिवारी मावशी खोलीवर आली तेव्हा मी त्या बाटल्यांकडेच बघत बसले होते.

"ह्या भरतीस कशा गं, शीला?" तिनं विचारलं.

"जुन्या बाटलीतलं थेंबभर नव्या बाटलीत. विरजण लावतो तसं."

"कवापासून?"

"आषाढापासून."

मावशी हसली. "आगं, त्याच त्या विरजणाला तार सुटती की! आमी तर मंग शेजारणीकडून नवं आणतोत."

"मावशी, हे दही नाही!" मी खेकसले. ती पदर सावरून निघून गेली.

ती गेल्यावर मी वही उघडली. आषाढापासून एकोणीस वेळा मी बाटलीतून बाटलीत केलं होतं. बाटलीत आयतं खाऊन हे जिवाणू पालटतात, उजेड टाकून देतात. खरे टिकतात ते सूत्रकृमीच्या पोटात आणि अळीच्या अंगात. एमएस्सीच्या पेपरात हेच उत्तर लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. लाजेनं माझे कान तापले. आता नवं विरजण हवं होतं, आणि ते देणारी शेजारीण होती मावशीच्याच वावरातली माती.

रविवारी सकाळी मी मावशीच्या आखाड्यावर, शेतातल्या घरी गेले. "चुकलं माझं, मावशी," म्हणाले. तिनं उत्तर म्हणून माझ्या हातात खुरपं दिलं. आषाढातले सूत्रकृमी मातीत अजून टिकले असतील या आशेनं पिवळ्या सऱ्यांतल्या हळदीच्या मुळांशी आम्ही दुपारपर्यंत उकरत होतो. जिवंत, पांढऱ्या अळ्या ढीगभर निघाल्या. लाल निघाल्या फक्त तीन.

"तीन मढी घिऊन काय करतीस?" मामा बाजेवरून म्हणाले. डबा त्यांच्या पायाशीच होता.

"उजेड बघायचाय. उजळल्या तर विरजण खरं," मी म्हणाले. मामांना बाजेवरच दोन घोंगड्या आणि वर गोधडी पांघरून अंधारात बसवलं, लाल अळ्या बशीत दिल्या. मिनिटभरात त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"काईच दिसंना."

"पंधरा मिनिटं थांबा मामा. डोळ्यांना अंधार कळू द्या."

ते बाहेरच पडायला लागले. तेव्हा मावशी स्वतः आत शिरली आणि त्यांना ओढून बसवलं. भर दुपारचं ऊन, आत दोघं घामानं निथळत असणार. मी घड्याळाकडे बघत होते आणि मला भीती वाटत होती की या अळ्याही विझलेल्या निघाल्या तर मामांना अडवायला माझ्याकडे काहीच उरणार नाही.

खूप वेळानं आतून मामांनी मावशीला हाक मारली. एकदम हळू.

"बालाजीची माय... हाय की गं. निळं निळं."

"तिन्ही हायत," मावशी म्हणाली.

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. दोघं बाहेर आले तेव्हा खरं ते सांगून टाकलं. "यांतून सूत्रकृमी निघायला आणि पुरेसे वाढायला महिना जाईल. तोवर बारांतल्या चार सऱ्या हातच्या जातील."

मामांनी हळदीकडे पाहिलं, मग मावशीकडे. "जाऊ दे चार," ते म्हणाले. पुन्हा बशी उचलून घोंगडी डोक्यावर ओढताना थांबले.

"शीला, त्यो डबा तेवढा दुकानात देऊन टाक. लय वास यायलाय त्याचा."