एकशे चौदाची तिसरी पायरी

मित्रांनो, रस्त्यात तुम्ही मला पाहिलं असेल, पण नीट बघितलं नसेल. बसकडे नीट कोण बघतं? ती येईपर्यंत लोक वाट बघतात आणि आली की भरलेली का म्हणून चिडतात. मी तसलीच एक. जुनी, उंच, कमरेला लाल पट्टा असलेली बस. माझा नंबर एकशे चौदा. सध्या भंगाराच्या आवारात रांगेत तिसरी उभी आहे. पुढच्या दोघींचं आटोपलं की माझी पाळी. तेव्हा पाल्हाळ लावत नाही, पण सांगायचं ते सांगून घेते.

आमच्या मॉडेलच्या गाड्या आधीपासून रस्त्यावर होत्याच. त्यातल्याच आम्ही चाळीस जणी कारखान्यातून एकदम बाहेर पडलो. सगळ्या एका मापाच्या, एका आवाजाच्या. दाराशी दोन उंच पायऱ्या. पायऱ्यांवर खडबडीत पत्रा, म्हणजे पाय घसरू नये, आणि प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का उमटवलेला. तो शिक्का ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यानंच घातला.

सुरुवातीला माझे लाड झाले. पहिला ड्रायव्हर माझी पुढची काच स्वतःच्या रुमालानं पुसायचा, डेपोच्या फडक्यावर त्याचा विश्वास नव्हता. मला नऊ नंबरचा मार्ग मिळाला. वसाहतीतून निघायचं, पूल ओलांडायचा, इस्पितळावरून शिवणकामाच्या कारखान्यांच्या गल्लीला वळसा घालून स्टेशन गाठायचं. दिवसाला अकरा फेऱ्या. मी तक्रार केली नाही, फक्त चढावर जरा ओरडायचे. ते आमच्या अख्ख्या मॉडेललाच होतं. दुसऱ्या गिअरला एक लांबलचक हेल निघायचा आणि रस्त्यालगतचे लोक खिडक्या लावून घ्यायचे.

छापखान्यासमोरच्या थांब्यावर रोज सकाळी एक बाई चढायच्या. शर्टांना काजे करायचं काम करायच्या, म्हणून माझी कंडक्टर त्यांना काजेताई म्हणायची. लहानपणीच्या आजारानं त्यांचा डावा पाय आखूड आणि लुळा राहिलेला. माझी पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याला लागायची. त्या आधी पिशवी आत टाकायच्या, मग दोन्ही दांडे धरून स्वतःला वर ओढायच्या. वेळ लागायचा. मागचे लोक उसासे टाकायचे आणि काजेताई कुणाकडे न बघता म्हणायच्या, "झालं, झालं."

एका सकाळी त्यांचा हात सुटला आणि नडगी सोलून निघाली. त्यानंतर आपल्यापायी लोकांचा खोळंबा नको म्हणून त्या गर्दीच्या गाड्या सोडून द्यायला लागल्या. कामावर उशीर व्हायला लागला. आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नका, असं त्यांच्या मालकानं सुनावलं.

माझी कंडक्टर तोंडाची फटकळ, पण पोटात माया. ती संध्याकाळी डेपोत आली ती थेट फिटरसमोर जाऊन उभी राहिली. या फिटरला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचा.

"सदानकदा इंजिनात डोकं घालून बसतोस," ती म्हणाली. "दाराकडे बघितलंयस कधी? एका बाईची नोकरी जायची वेळ आलीय तुझ्या या गाडीच्या उंचीपायी."

"गाडी माझी नाही," रेडिओ म्हणाला.

"मग कुणाची? माझ्या सासऱ्यांची?"

त्याची त्या दिवसाची वाक्यं संपली असावीत, कारण तो पुढे काही बोलला नाही. पण आपल्या सुट्टीच्या दिवशी तो छापखान्यासमोर आला आणि काजेताई कशा चढतात ते लांबून बघत उभा राहिला. आठवड्याच्या आत त्यानं माझ्या दाराखाली तिसरी पायरी बसवली. अपघातात चेपलेल्या माझ्याच एका बहिणीच्या पायरीचा पत्रा त्यानं काढून घेतला, कापून, घासून बेताचा केला आणि दोन बोल्टांवर असा टांगला की खाली दगड लागला तर मागे झुलावा आणि परत जागेवर यावा. गाडीत परवानगीशिवाय फेरफार करायला बंदी होती. म्हणून जॉबकार्डावर त्यानं लिहिलं, 'पायरी सैल होती, घट्ट केली.' रेडिओनं आयुष्यात लिहिलेलं हे एकच खोटं, आणि तेही माझ्यासाठी, याचा मला अजून अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी काजेताईंनी सवयीनं पिशवी आत टाकली, दांडे धरले आणि खाली बघून थबकल्या.

"ही कधी आली?"

"आपल्या रेडिओची करामत," कंडक्टर हळूच म्हणाली. "बोलू नका कुठे. चढा."

त्या चढल्या. पिशवी घ्यायला वाकल्या तेव्हा हसत होत्या. पुढच्या आठवड्यात रेडिओचा खाकी कोट कंडक्टरनं खुंटीवरून पळवला आणि चार दिवसांनी परत आणला. त्याची कधीची तुटलेली सहाही बटणं पक्की लागलेली होती. काजेताई आणि रेडिओ यांचं एकमेकांशी बोलणं झालं ते एवढंच.

ती पायरी सतरा वर्षं राबली. पोटुशा बायका तिच्यावरून चढल्या, काठीवाले आजोबा चढले, दप्तराच्या ओझ्यानं मागे कलंडणारी पोरं चढली. तिचा पत्रा मधोमध गुळगुळीत झाला. माझंही वय होत होतं. कुठे गंज, कुठे गळती. नवीन भाग मिळेनासे झाले तसा रेडिओ मोडीत निघालेल्या बहिणींचे अवयव मला लावत गेला. आरसे पुसणारं कुणी उरलं नाही. सीटांवर पोरांनी नावं कोरली. माझी सफाई म्हणजे एक बादली पाणी आणि देवाचं नाव.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांना पायरीच नाही, त्या थांब्यावर येऊन दाराच्या बाजूला चक्क झुकतात. काजेताई पहिल्यांदा तशा गाडीत सरळ चालत शिरल्या, ते मी शेजारून जाताना पाहिलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

आणि गंमत बघा, आम्हाला मोडीत काढायचं ठरलं तेव्हाच आमच्या चाहत्यांची झुंबड उडाली. गळ्यात कॅमेरे अडकवलेली मोठमोठी माणसं चढाच्या कडेला उभी राहून माझा दुसरा गिअर टेप करायची. ज्या आवाजाला लोक इतकी वर्षं शिव्या घालत होते, तो ही मंडळी डोळे मिटून ऐकायची. एकानं तर काजेताईंनाच हळू बोलायला सांगितलं, दाराचा आवाज टेप करायचा होता म्हणून.

त्यांचे म्होरके एक दाताचे डॉक्टर होते. आमच्या मॉडेलचा एकेक खिळा त्यांना पाठ. मला आधी ते विक्षिप्त वाटायचे. पण एकदा ते कंडक्टरला म्हणाले, "माझी आई या गाड्यांतून कामाला जायची. चढावर हा आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायचो. आई दारात यायची आणि पाणी उकळायचं." त्यानंतर मी त्यांना हसले नाही.

या मंडळींनी गावाबाहेर एक शेड मिळवली होती. तिथे आमच्यातली एक, फक्त एकच, कायमची जपून ठेवायची होती. बाकीच्या भंगारात. नियम कडक: गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी असली पाहिजे. शर्यतीत दोघीच उरल्या. मी आणि सत्तावीस. ही सत्तावीस आमच्यात सगळ्यात लाडावलेली. जादा गाडी म्हणून ठेवलेली, त्यामुळे महिनोन्‌महिने सावलीत उभी, अंगावर ओरखडा नाही. ती जिंकणार हे उघड होतं.

पण शेवटच्या फेरीच्या दिवशी डेपोत डॉक्टर बॅटरी घेऊन माझ्या दाराखाली वाकले आणि तसेच राहिले. मग त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. त्यांच्याकडे कारखान्याचं एक जुनं माहितीपत्रक होतं. त्यात एक ओळ होती, 'मागणीनुसार तिसरी पायरी बसवून मिळेल.' तशी गाडी आजवर कुणी पाहिली नव्हती. आणि इथे माझ्या तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का होता. असणारच की. पत्रा माझ्या बहिणीचा होता.

"म्हणजे ही खरंच बनली होती," डॉक्टर म्हणाले.

पाच मिनिटांत ठरलं. एकशे चौदा राहणार. मला किती आनंद झाला काय सांगू. शेडमध्ये छप्पर होतं, तेलपाणी होतं, बघायला येणारी माणसं होती. सत्तावीस शेजारीच उभी होती, पण मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी लगेच एका पुठ्ठ्यावर फलकाचा मजकूर लिहून माझ्या काचेला टेकवला: 'कारखान्यानेच बसवलेली दुर्मिळ तिसरी पायरी.'

रेडिओ बाजूला हात पुसत उभा होता. त्यानं तो मजकूर वाचला आणि गप्प राहिला. तो गप्प राहणारच, त्यात तो वाकबगार. मी निर्धास्त होते.

शेवटची फेरी म्हणून काजेताईही माझ्यातूनच डेपोपर्यंत आल्या होत्या. केस पिकलेले, हातात तीच कामाची पिशवी. त्यांनी पुठ्ठा सावकाश वाचला. मग रेडिओजवळ गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ही तुम्ही नव्हती केली? कंडक्टरबाईंनी उगीच सांगितलं होतं का मला?"

एवढंच. पण सतरा वर्षं जपलेलं काहीतरी आपण चुकून धरलं होतं की काय, अशा नजरेनं त्या विचारत होत्या.

रेडिओनं माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, बाबा, आज एक दिवस गप्प राहा.

"मीच केली होती," तो म्हणाला. "तुमच्यासाठी केली होती."

डॉक्टर तिथेच उभे होते. ते परत खाली वाकले, बोल्ट पाहिले, शिक्का पाहिला आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "आणखी काय काय बदललंय?" त्यांनी विचारलं. आणि हा आमचा चार वाक्यांचा माणूस सांगतच सुटला. गिअरबॉक्स अठ्ठ्याण्णव नंबरच्या गाडीचा. मागचं दार एकशे एकतीसचं. रेडिएटर तर ट्रकचा. त्यानं काही म्हणजे काही लपवलं नाही.

नियम तो नियम. सत्तावीस शेडमध्ये गेली.

मला राग आला. फार राग आला. ज्यानं मला सतरा वर्षं जगवलं, त्यानंच एका वाक्यात मला भंगारात घातलं, असंच वाटलं. इथे आल्यावरही मी कितीतरी दिवस त्याच्यावर रुसून होते. मग राहून राहून काजेताईंचा तो चेहरा आठवायला लागला. उत्तर ऐकून त्या निघाल्या होत्या. जाताना फक्त त्याच्या कोटाचं वरचं बटण चाचपून, ते पक्कं आहे ना, हे बघून गेल्या होत्या. तो गप्प राहिला असता तर मी वाचले असते, पण त्यांच्याजवळचं ते एवढंसंही उरलं नसतं. राग असा एकदम जात नाही, पण गेला.

आज सकाळी डॉक्टर आणि रेडिओ आवारात आले. डॉक्टरांना सत्तावीससाठी सुटे भाग हवे होते, माझी घंटा, माझे दिवे. रेडिओ आता निवृत्त झालाय. त्याला आठवण म्हणून फक्त पायरी न्यायची होती. त्यानं बोल्ट सोडवले, गंजलेला एक कापला आणि पायरी काढून जमिनीवर ठेवली.

मग डॉक्टर घंटा काढायला चढू लागले. वय साठीचं, गुडघे धरलेले. पाय उचलला, पोचला नाही. दांडा धरून पुन्हा उचलला. पायरीला टेकला आणि घसरला. तिसऱ्यांदा जोर केला तेव्हा खाली आदळायचेच, पण रेडिओनं पाठीमागून आधार दिला. डॉक्टर धापा टाकत माझ्या दाराशी जमिनीवरच बसले.

"तीस वर्षं या मॉडेलच्या मागे आहे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "हिची उंची मला इंचात पाठ आहे. पण ही इतकी उंच आहे, हे आज कळलं."

रेडिओ त्यांच्या शेजारी उकिडवा बसला.

"आई घरी आली की आधी गुडघे चोळत बसायची. मला वाटायचं, कामानं दुखत असतील." त्यांनी पायरी जवळ ओढली. गुळगुळीत झालेल्या जागेवर तळहात ठेवला. "सत्तावीसला बसेल का ही?"

रेडिओनं वीत लावून मोजलं. "बसेल. पण तुमचा नियम?"

"नियम मीच लिहिलाय. मी बघतो."

पायरी घेऊन ते दोघं गेले. घंटा न्यायची राहूनच गेली.

मित्रांनो, पुढे काय झालं ते मला कळणार नाही. डॉक्टरांची मंडळी ऐकतील की भांडतील, देव जाणे. माझं एकच मागणं आहे. जुन्या वस्तूंवर जीव लावा, पण त्यांच्या अंगावरचे जोड आणि ठिगळं बघून नाक मुरडू नका. तिथेच कुणाची तरी नड भागलेली असते. ज्यानं ते ठिगळ लावलं तो हयात असेल तर त्याला जाऊन विचारा. आणि कधी त्या शेडमध्ये सत्तावीसला बघायला गेलात, तर आधी दाराखाली वाकून बघा. तिसरी पायरी तिथे असेल तर नुसता फोटो काढून परत फिरू नका. तिच्यावर पाय ठेवा आणि वर चढा.